टेबलावर निर्दोष, हवेत बिघडलेले

रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरची शेपटी थरथरू लागली, यंत्र एका बाजूला ओढू लागले किंवा हवेत एका जागी ठरेना, की बहुतेक जण सर्वप्रथम गायरोवर, म्हणजे यंत्राचे वळणे ओळखून शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरवर, खापर फोडतात. गायरो बदलून फरक पडला नाही तर संशय सर्व्होवर, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या लहान मोटरांवर, जातो, तिथून रेडिओचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरवर, आणि एवढा खर्च होऊनही मूळ दुखणे जागच्या जागी राहते. माझे मत असे आहे, की या छंदात ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचे बिघाड म्हटले जाते त्यांपैकी बरेचसे शाफ्ट, बेअरिंग, स्क्रू आणि सांधे यांचे असतात. गायरो हा बहुधा तक्रार करणारा असतो, गुन्हेगार नसतो. मी ज्या यंत्रांविषयी लिहीत आहे ती ४५० वर्गातील, म्हणजे सुमारे ३२५ मिलिमीटर लांबीच्या दोन पात्यांची, तीन सेलच्या ११.१ व्होल्ट बॅटरीवर चालणारी विजेची हेलिकॉप्टरे आहेत. मोठ्या यंत्रांत आकडे बदलतात, पण तपासण्याची रीत तीच राहते.

ही गल्लत पूर्वी इतकी होत नसे, आणि त्याला कारण आहे. जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी १९७०च्या आगेमागे रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने उडवून दाखवले तेव्हापासून पुढची अनेक वर्षे मॉडेलच्या डोक्यावर फ्लायबार नावाचा आडवा दांडा फिरत असे. १९४०च्या दशकात आर्थर यंग आणि स्टॅनली हिलर यांनी माणसे वाहणाऱ्या हेलिकॉप्टरांसाठी स्थैर्याच्या ज्या दोन युक्त्या शोधल्या होत्या, त्यांचा तो मिलाफ होता. दांडा, त्याची वल्ही आणि त्याला जोडलेल्या कड्या सगळे डोळ्यांसमोर असल्यामुळे कुठे काही ढिले झाले तर ते दिसत असे, आणि उडवतानाही लगेच जाणवत असे. फ्लायबारलेस युनिट आल्यावर दांडा गेला आणि त्याचे काम तीन अक्षांतील हालचाल मोजणाऱ्या सेन्सरकडे आले. हे युनिट यंत्राचे दोष सेकंदाला कित्येक वेळा सावरून घेत असते, त्यामुळे वाकलेल्या स्पिंडलचे, म्हणजे दोन्ही पाती ज्या आडव्या दांडीवर बसतात तीच वाकलेली असलेले, हेलिकॉप्टरसुद्धा बऱ्यापैकी उडते. युनिटच्या सावरण्याची मर्यादा संपेपर्यंत उडवणाऱ्याला कसलाच सुगावा लागत नाही, आणि ती संपते तेव्हा दोष दाखवणारे युनिटच दोषी ठरते.

या पावसाळ्यानंतर माळावरचे गवत बसू लागले तेव्हा मिरजेचा एक विद्यार्थी आपले हेलिकॉप्टर घेऊन कुपवाडला माझ्याकडे आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाने ते जुने म्हणून विकत घेतले होते. उडताना शेपटी बारीक थरथरते, रिमोटची काठी पुढे केल्यावर यंत्र क्षणभर विचार करून मग पुढे जाते आणि उतरवल्यावर स्वॉशप्लेटचे, म्हणजे मुख्य पात्यांना कोन देणाऱ्या चकतीचे, सर्व्हो हाताला चटका लागेल इतके तापलेले असतात, असे त्याचे म्हणणे होते. “काका, गायरो बदलून झाला, आता दुसरे युनिटच घेतो,” असे म्हणत त्याने फोनवर मला त्याची किंमतही दाखवली. मी त्याला म्हणालो, “पैसे खिशात ठेव. आधी ते काय बोलतंय ते ऐकू.” मला हे शब्दशः म्हणायचे होते.

फिरणाऱ्या प्रत्येक भागाचा स्वतःचा वेग असतो, आणि त्या भागात दोष असेल तर थरथरीची वारंवारता त्या वेगाशी जुळते. मुख्य पाती मिनिटाला २५०० फेरे घेत असतील तर सेकंदाला सुमारे ४२ फेरे होतात. मुख्य शाफ्ट वाकलेला असेल, एका पात्याचे वजन जास्त असेल किंवा स्पिंडल सरळ नसेल, तर कंप ४२ हर्ट्झच्या आसपास येतो. या यंत्रात टेल रोटर मुख्य रोटरच्या साडेचार पट वेगाने फिरतो, म्हणजे मिनिटाला ११,२५० फेरे, किंवा १८७.५ हर्ट्झ. मोटरच्या पिनियनला, म्हणजे तिच्यावरच्या लहान गिअरला, १३ दाते आणि मेन गिअरला १५० दाते असल्यामुळे मोटर त्याच वेळी मिनिटाला जवळपास २९ हजार फेरे घेते, आणि तिचा शाफ्ट वाकलेला असेल तर तो दोष ४८० हर्ट्झला उमटतो. दात्यावर दाता पडण्याचा आवाज ४२ गुणिले १५०, म्हणजे सव्वासहा हजार हर्ट्झच्या आसपास. हा तो तीक्ष्ण सूर असतो ज्याने शेजारचे लोक खिडकीतून डोकावतात. एवढे चार आकडे कागदावर मांडले की संशयितांची यादी बरीच लहान होते, कारण ४२ हर्ट्झच्या थरथरीसाठी टेलचे बेअरिंग बदलणारा माणूस आजार डोक्याचा असताना पायाला पट्टी बांधत असतो.

वारंवारता मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. काही नव्या फ्लायबारलेस युनिटमध्ये कंपाची नोंद ठेवण्याची सोय असते आणि संगणकाला जोडल्यावर त्याचा आलेख दिसतो. ती सोय नसेल तर फोनवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे कोणतेही फुकट ॲप चालते. फोनचा माइक ४२ हर्ट्झइतका खालचा आवाज नीट पकडत नाही, त्यामुळे मुख्य पात्यांचा कंप डोळ्यांनीच पाहावा लागतो. स्किडचे, म्हणजे यंत्र ज्यावर उभे राहते ते, पाय डुलतात आणि यंत्राचे पुढचे कवच स्पष्टपणे हलताना दिसते. टेलच्या बाबतीत मात्र फोन उपयोगी पडतो. टेललाही दोन पाती असल्यामुळे पात्यांच्या फटकाऱ्याचा ३७५ हर्ट्झचा आवाज निरोगी यंत्रातही असतोच आणि त्याने घाबरून जाऊ नये. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १८७ च्या आसपास, शिखर उंच होऊ लागले तर मात्र टेलमध्ये काहीतरी एका बाजूला जड किंवा वाकडे आहे असे समजावे. ज्यांना पेटीचे कान आहेत त्यांना ॲपचीही गरज नाही, कारण १८५ हर्ट्झ म्हणजे खर्जाच्या बाजूची काळी तीन. मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेल्या या मुलाने पट्टी लगेच ओळखली, आणि वर्णपटावरही १८७ ला ठळक खुंटा उभा होता. टेलच्या उभ्या पंखाची कड दुहेरी दिसत होती. तीही उच्च वारंवारतेच्या कंपाची खूण आहे.

यापुढे वजाबाकी करायची. मुख्य पाती काढून यंत्र तेवढ्याच वेगाने फिरवून पाहायचे. कंप गेला तर दोष पात्यांत किंवा डोक्यात, म्हणजे पाती मुख्य शाफ्टला जोडणाऱ्या भागात. राहिला तर टेलची पातीही काढायची. आता गेला तर दोष त्या पात्यांत किंवा त्यांना धरून ठेवणाऱ्या ग्रिपमध्ये. तरीही राहिला तर पिनियन मेन गिअरपासून मागे सरकवून फक्त मोटर फिरवायची. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम ऐकायला बाळबोध वाटतो, पण अधीर माणसाला तो पाळणे फार जड जाते. आमच्या या मुलाने आधी गायरो, त्याची चिकटपट्टी आणि टेलची पाती एकाच संध्याकाळी बदलली होती, त्यामुळे कशाने काय झाले हे सांगणे त्यालाही अशक्य होते.

या चाचण्या करताना घ्यायची काळजी मी तळटिपेत टाकू इच्छित नाही. २५०० फेऱ्यांना पात्याचे टोक तासाला ३३० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच छंदातील एका तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरची पाती लागून मृत्यू झाला होता, आणि ते यंत्र ४५० पेक्षा मोठे असले तरी लहान यंत्राची पाती बोटांना दया दाखवत नाहीत. टेबलावर सर्व्होची जुळणी करताना मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढून ठेवाव्यात, पाती लावलेले यंत्र घरात कधीही फिरवू नये, आणि फिरत्या यंत्राकडे पात्यांच्या पातळीत तोंड आणून पाहू नये. घरातली लहान मुले ‘दादा, फिरव ना’ म्हणून मागे लागतात, त्यांना या कामापुरते दुसऱ्या खोलीत पाठवावे.

टेलची पाती काढूनही खुंटा गेला नाही, तेव्हा संशय टेलच्या शाफ्टवर आला. उतरताना शेपटी कधीतरी मुरमावर टेकली की हा बारीक शाफ्ट वाकतो, आणि वाक इतका थोडा असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. घरी तपासायचे तर जाड काच सपाट ठेवून तिच्यावर शाफ्ट बोटाने लोटावा आणि पलीकडे दिवा ठेवून शाफ्टखालच्या फटीकडे पाहावे. शाफ्ट सरळ असेल तर फट एकसारखी राहते, वाकलेला असेल तर उजेड एका लयीत उघडझाप करतो. आम्ही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे काचेवर थांबण्याची गरज नव्हती. शेजारच्या युनिटमधल्या टर्नरमामांनी तो शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाच असलेल्या ठोकळ्यावर, ठेवला, मापाच्या डायलची सुई त्याच्या टोकाजवळ टेकवली आणि दोन बोटांनी सावकाश फिरवला. शून्यावरून निघालेली सुई सहा घरे जाऊन परत आली. “सहा शतांश बाहेर हाय बघा,” मामा म्हणाले, आणि मग चष्म्यावरून पाहत विचारले, “एवढ्यानं काय हुतंय व्हय?” डायलवर दिसणारा आकडा प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असतो, म्हणजे मध्य रेषेपासून शाफ्ट ०.०३ मिलिमीटरच सरकलेला होता. बैलगाडीच्या आसाला एवढा वाक कुणी मोजणारही नाही. मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांना मात्र तो गायरोला वेड लावायला पुरतो, कारण असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत जातो.

वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करण्याचा मोह होतो, विशेषतः हाताशी प्रेस असेल तेव्हा. तो करू नये. कठीण केलेले पोलाद सरळ केल्यावरही पुन्हा वाकण्याची शक्यता असते, आणि नव्या शाफ्टची किंमत त्या धोक्याच्या मानाने क्षुल्लक आहे. मामांनी तो जाणीवपूर्वक अंगठ्याने वाकवून मुलाला परत दिला, म्हणजे चुकून पुन्हा बसवायला नको.

शेपटीचा प्रश्न इथे संपला, परंतु तापणारे सर्व्हो आणि काठीला उशिरा मिळणारा प्रतिसाद यांचा शेपटीशी काही संबंध नव्हता. मुलाने पाती लावण्याच्या ग्रिप माझ्यासमोर बोटांनी फिरवून दाखवल्या. त्या लोण्यासारख्या फिरत होत्या, आणि त्यामुळे डोक्यात दोष नाही अशी त्याची खात्री होती. टेबलावरची ही परीक्षा फसवी आहे. ४५० च्या एका पात्याचे वजन साधारण ३० ग्रॅम असते आणि त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून सुमारे २० सेंटिमीटरवर येतो; २५०० फेऱ्यांना हे तीस ग्रॅम ग्रिपला बाहेरच्या दिशेने जवळपास ४० किलोच्या जोराने ओढतात. म्हणजे प्रत्येक ग्रिपला जवळजवळ सिमेंटचे एक पोते लटकलेले असते, आणि त्या ओझ्याखाली ग्रिपने सर्व्होच्या लहानशा ताकदीने सेकंदाला कितीतरी वेळा कोन बदलायचा असतो. साध्या बेअरिंगला हा बाहेरचा ओढा सोसत नाही. म्हणून ग्रिपमध्ये थ्रस्ट बेअरिंग बसवलेले असते.

थ्रस्ट बेअरिंगमध्ये दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये गोळ्यांचा पिंजरा, एवढेच तीन तुकडे असतात. चकत्या पाहताना अगदी सारख्या दिसतात, पण एकीचे भोक दुसरीपेक्षा किंचित मोठे असते. मोठ्या भोकाची चकती आत, हबच्या बाजूला जाते. ती ग्रिपच्या खांद्यावर बसून ग्रिपबरोबर फिरते आणि स्पिंडलला स्पर्श करत नाही. लहान भोकाची चकती बाहेर, स्पिंडलच्या टोकाच्या स्क्रूकडे जाते आणि स्पिंडलवर घट्ट बसते. या दोघींची जागा अदलाबदल झाली तर स्पिंडलवर घट्ट बसणारी चकती ग्रिपबरोबर फिरू पाहते आणि स्पिंडलला घासते, तर सैल चकती मध्य रेषेवर न राहता एका बाजूला झुकते. हातात धरल्यावर यातले काहीच कळत नाही. चाळीस किलो लागले की घासण सुरू होते, सर्व्हो जोर लावतो, तापतो, आणि एकदम सुटल्यासारखी ग्रिप गरजेपेक्षा जास्त वळते. यंत्र क्षणभर विचार करून पुढे जाते असे मुलाने जे वर्णन केले होते, ते हेच.

खरी परीक्षा अशी आहे. पाती काढून टाकावीत, दोन्ही ग्रिप दोन हातांत घट्ट पकडून एकमेकींपासून दूर जोरात ओढाव्यात आणि तसा ओढ ठेवूनच त्या सावकाश पिळाव्यात. माणसाच्या हातांना चाळीस किलो ओढता येत नाहीत, पण आठ-दहा किलोतही बिघडलेले बेअरिंग खरखर सांगते किंवा मध्येच अडते. मुलाने असे करून पाहिले आणि त्याचा चेहरा बदलला. उजवी ग्रिप गुळगुळीत फिरली. डावी मात्र वाळूत रुतलेल्या कुलपासारखी अडखळली. ती उघडल्यावर आतून तपकिरी, जवळजवळ काळे झालेले ग्रीस निघाले. पेट्रोलमध्ये चकत्या धुऊन एकेक करून नव्या स्पिंडलवर सरकवल्या, तेव्हा बाहेरच्या बाजूची चकती स्पिंडलवर डुगडुगत होती आणि आतली चिकटून बसत होती; आधीच्या मालकाने त्या उलट्या बसवल्या होत्या. आतल्या चकतीच्या भोकाच्या कडेला घासून चकाकणारी चंद्रकोर उमटलेली होती, आणि जुन्या स्पिंडलवर नेमकी तेवढ्याच रुंदीची पट्टी. त्या दोन खुणा एकमेकींशेजारी ठेवल्यावर मुलाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

या बेअरिंगमध्ये चांगले, चिकट ग्रीस भरपूर घालावे, कारण तेल इथे टिकत नाही. केंद्रोत्सारी जोराने ते बाहेर फेकले जाते. ग्रिपमधल्या साध्या बेअरिंगसाठी मात्र ऑनलाइन सुट्या भागांची महिनाभर वाट पाहण्याचे कारण नाही. ही बेअरिंग आंतरराष्ट्रीय मापाचीच असतात आणि सांगलीत बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला तर मिळतात किंवा दोन दिवसांत मागवून देतात. नंबर वाचण्याची युक्तीही सोपी आहे. एमआर ८४ म्हणजे बाहेरचा व्यास ८, आतला ४ मिलिमीटर. एमआर ६३ म्हणजे बाहेरचा ६, आतला ३. मुख्य शाफ्टला लागणारे ६८५ हे आतून ५ आणि बाहेरून ११ मिलिमीटरचे असते. जाडी मात्र व्हर्निअरने मोजूनच सांगावी, कारण धातूची झाकणे असलेले आणि उघडे बेअरिंग एकाच नंबरचे असूनही जाडीत फरक पडू शकतो. दुकानदार ‘कुठल्या मोटरला पाहिजे?’ असे विचारतो, तेव्हा हेलिकॉप्टर म्हटले की थट्टा केल्यासारखे वाटून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पंख्याला म्हणून सांगावे, ते तसे खोटेही नाही.

आमच्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे धूळ. मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला दंडोबाच्या डोंगराच्या अलीकडे जे माळ आहेत ते उडवायला मोकळे आणि सुरक्षित असले तरी मुरमाचे आहेत, आणि पात्यांच्या वाऱ्याने उडालेली बारीक माती टेलच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्लायडरपासून स्वॉशप्लेटच्या गोळ्यांपर्यंत सगळीकडे शिरते. तिच्यात तेल मिसळले की घासण्याचे उत्तम मिश्रण तयार होते. म्हणून स्लायडर ज्या शाफ्टवर सरकतो तो कोरडा पुसून ठेवावा, फार तर कोरडे वंगण वापरावे, आणि उडवण्यासाठी दोन बाय दोन मीटरचे जुने फ्लेक्स जमिनीवर खिळे ठोकून अंथरावे. निवडणुकीनंतर असे फ्लेक्स फुकट मिळतात.

बॉल लिंकचा, म्हणजे गोळीवर बसणाऱ्या जोडकड्यांचा, विषय थोडक्यात आटोपतो. कडी गोळीवर बसवून सोडली की तिने स्वतःच्या वजनाने खाली पडावे. पडली नाही तर घट्ट, आणि बोटाने हलवल्यावर खुळखुळली तर झिजलेली. झिजलेली कडी बदलण्यावाचून उपाय नाही. कडीच्या ज्या बाजूला अक्षरे असतात ती बाजू बाहेर ठेवायची असते, कारण भोक एका बाजूने किंचित निमुळते असते. सर्व्होचा एखादा दाता मोडला आहे का हे पाहण्यासाठी वीज बंद ठेवून त्याची भुजा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवावी; दाता तुटलेल्या जागी बोटाला उडी जाणवते.

पात्यांचे ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात की नाही, हे सगळे जण पाहतात आणि बहुतेक जण त्याच्या आधी करायचे काम विसरतात. दोन्ही पात्यांचा गुरुत्वमध्य एकाच जागी आहे का हे प्रथम पाहावे, मग वजन जुळवावे, आणि शेवटी टोकाला वेगळ्या रंगाची पट्टी लावून ट्रॅकिंग करावे. या क्रमाची उलटापालट केली तर पाती एका पातळीत येतात, पण यंत्र डुलतच राहते. पात्यांचे बोल्ट फार घट्ट आवळू नयेत. यंत्र आडवे धरल्यावर पाती जागेवर राहावीत आणि हलका हिसका दिल्यावर खाली यावीत, इतपत पुरेसे होते. वेग घेताना यंत्र एका टप्प्यावर क्षणभर गदगदते आणि पुढे शांत होते, तो बहुतेक वेळा दोष नसतो. प्रत्येक यंत्राची स्वतःची एक वारंवारता असते आणि त्या टप्प्यावरून जाताना ती जागी होते. सिमेंटवर न गदगदणारे हेलिकॉप्टर मऊ गवतावर गदगदते, तेव्हा यंत्र खोलण्याआधी जागा बदलून पाहावी. पूर्वी होत नव्हते आणि आता होऊ लागले, तर मात्र डोक्यातले रबरी डॅम्पर झिजले आहेत का ते पाहावे.

स्क्रूंविषयी माझी मते जरा कडक आहेत. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव, लागतोच, आणि लावण्यापूर्वी जुना थर खरवडून आटे स्पिरिटने पुसावे लागतात, नाहीतर तेलकट आट्यांवर तो पकड घेत नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो लावू नये. काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात. दोन मिलिमीटरच्या दंडगोल डोक्याच्या स्क्रूला दीड मिलिमीटरची ॲलन की लागते, आणि कोपरे झिजलेल्या स्वस्त किल्लीने हे स्क्रू काढायला बसलेला माणूस अर्ध्या तासात ड्रिल मशीन शोधत फिरताना मी पुष्कळदा पाहिला आहे. चांगली किल्ली महाग वाटते, पण एका बिघडलेल्या स्पिंडलच्या स्क्रूइतकी ती महाग नसते. मुख्य शाफ्टला डोके जोडणारा जो एकच बोल्ट असतो, ज्याला जगभर जीझस बोल्ट म्हणतात, तो प्रत्येक अपघातानंतर बदलावा. जुना काढल्यावर त्याच्या अंगावर खाच पडली आहे का आणि शाफ्टचे भोक लांबट झाले आहे का हेही पाहावे. डोके हातात धरून वर-खाली ओढल्यावर शाफ्ट किंचितही सरकत असेल तर त्याला जागेवर धरणारी कॉलर ढिली झालेली असते, आणि अशा यंत्रात पिचचा, म्हणजे पात्यांचा, कोन कितीही काळजीपूर्वक मोजला तरी तो हवेत तसा राहत नाही.

बेल्टवर चालणाऱ्या टेलला आणखी दोन खोडी असतात. बेल्ट ढिला असेल तर एकदम जोर दिल्यावर दाते निसटतात आणि शेपटी झटका खाते. फार घट्ट असेल तर बॅटरी लवकर संपते आणि टेलची बेअरिंग अकाली जातात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत बेल्टच्या घर्षणाने स्थिर वीजही तयार होते, तिचे झटके रिसीव्हरला बसतात आणि सर्व्हो मधूनच उचकी लागल्यासारखे हलतात. हा प्रकार दिसला तर बूम, म्हणजे शेपटीची नळी, आणि मोटरची चौकट धातूच्या तारेने एकमेकींना जोडून टाकावी. बेल्ट पुन्हा बसवताना त्याचा पिळ उलटा पडला तर टेल उलट फिरते. पाती न लावताच एकदा फिरवून पाहिले की ते कळते.

मोटरचा वेग वाढतो पण मुख्य पाती त्या मानाने वाढत नाहीत, असे झाले तर वन-वे बेअरिंग घसरत असते. मोटर बंद पडली तरी पात्यांनी मुक्त फिरत राहून यंत्राला हळू उतरवावे यासाठी ते बसवलेले असते. त्यात कुणी जाड ग्रीस भरले की आतले रोलर पकड घेत नाहीत. स्पिरिटने धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब टाकावा. त्याच्या आतल्या नळीवर झिजेचा पट्टा दिसत असेल तर धुण्याचा उपयोग नाही, नळी बदलावी.

त्या मुलाचे हेलिकॉप्टर टेलचा नवा शाफ्ट, नवा स्पिंडल आणि सरळ बसवलेल्या चकत्या घेऊन माळावर गेले तेव्हा वर्णपटावरचा १८७ चा खुंटा जमिनीला टेकला होता आणि उतरल्यावर सर्व्हो कोमट होते. शेपटी थरथरू नये म्हणून त्याने गायरोचा गेन, म्हणजे शेपटी सावरण्याचा त्याचा जोर, कमी करत करत अगदी तळाला नेला होता, त्यामुळे आता शेपटी सुस्त वाटत होती. गेन टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि बारीक थरथर दिसू लागताच एक पायरी मागे घेतला. गायरो तोच, नवा बसवून निरुपयोगी ठरवलेला.

एक आवाज मात्र राहिला आहे, तो सव्वासहा हजार हर्ट्झचा. पिनियन आणि मेन गिअर यांच्यामध्ये झेरॉक्सच्या कागदाची पट्टी घालून गिअर फिरवल्यावर कागदावर सारख्या घड्या पडाव्यात पण तो फाटू नये, इतकी फट आम्ही ठेवतो. प्लास्टिकचा गिअर पूर्ण गोल नसतो, म्हणून ही फट त्याच्या सर्वांत उंच जागी मोजायची असते. या यंत्रात उंच जागी फट बरोबर ठेवली की समोरच्या बाजूला कागद आरपार निसटून जातो, म्हणजे गिअरच फार वाकडा झाला आहे. नवा गिअर पुण्याहून मागवला आहे. तोवर मुलगा यंत्र कमी वेगाने, डोक्याच्या उंचीखाली आणि नुसते एका जागी तरंगत ठेवण्यापुरतेच उडवणार आहे, असे त्याने कबूल केले आहे.